सेफ्टी वाल उघडतो, पण परत बसत नाही

राजापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आंबा कॅनिंगच्या आणि काजूच्या कारखान्यांतल्या छोट्या बॉयलरांची कामं मी करतो. दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आंब्याची आवक वाढली की एक ठरलेला फोन येतो : "अहो, वाल सुटलाय, बसतच नाही." प्रेशर हद्दीबाहेर गेलं की आपोआप उघडून वाफ सोडणारा आणि प्रेशर उतरलं की परत बंद होणारा, म्हणजे बसणारा, तो हा वाल. पुस्तकात सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आमच्याकडे सगळे सेफ्टी वालच म्हणतात, मीही तेच लिहितो. हा फोन इतक्यांदा आलाय की गाडी काढायच्या आधी काय काय विचारायचं ते पाठ झालंय. त्यातलं निम्मं तुम्ही स्वतः तपासू शकता. उरलेल्या निम्म्याला हात लावायचा नाही, ते कुठलं तेही सांगतो.

हे सगळं स्प्रिंगच्या साध्या वालाबद्दल आहे, 7 ते 10.5 किलो प्रेशरच्या लाकडावर किंवा काजूच्या टरफलांवर चालणाऱ्या बॉयलरवरचा.

लक्षण कुठलं?

"वाल लीक आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. चार-पाच वेगवेगळे आजार त्या एका वाक्यात लपतात.

- प्रेशर सेटच्या (वाल ज्या प्रेशरला उघडायला लावलेला असतो त्याच्या) बरंच खाली असताना वालाच्या बाहेरच्या नळीच्या तोंडातून पांढरी रेघ निघते. आवाज नाही, फार तर किटलीसारखा सूं.
- प्रेशर गेजचा काटा सेटच्या जवळ आला की वाल खदखदतो, काटा उतरला की गप्प होतो.
- वाल ठप्पकन उघडतो, पण वेळेत बसत नाही. 10.5 ला सेट केलेला वाल साधारण 10 ला बसायला हवा. हा 8 पर्यंत फुंकत राहतो आणि बसल्यावरही गळतो.
- उघडला तो उघडलाच. प्रेशर 3-2 वर आलं तरी फुंकणं चालूच.
- सेकंदाला दोन-तीनदा उघडझाप, तडतड आवाज. यात सीट, म्हणजे आतली डिस्क जिच्यावर टेकून वाफ अडवते ती कडा, काही मिनिटांत खराब होते. आग कमी करा आणि वालाजवळ उभे राहू नका.

चौथं लक्षण असेल तर तपासणी नंतर, आधी हे

जळण टाकणं थांबवा, हवेचा पंखा बंद करा. भट्टीत पाणी ओतू नका. मेन स्टीम वाल झटक्यात बंद करू नका. मग बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीकडे बघा.

काचेत पाणी दिसत असेल तर फीड पंप चालू राहू द्या. बहुतेक फायरमन इथेच फसतात. वाल पूर्ण उघडला की प्रेशर झपाट्याने उतरतं, पाण्याच्या पोटात जागोजागी वाफेचे बुडबुडे धरतात आणि पाणी फुगतं, दूध उतू जायच्या आधी फुगतं तसं. काचेतली पातळी वर चढते. फायरमनला वाटतं पाणी जास्त झालं, तो पंप बंद करतो. मोब्रेवर (पातळी बघून पंप आपोआप चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चालणारा पंप तर आपणहून थांबतो, कारण मोब्रेलाही तीच फुगलेली पातळी दिसते. प्रत्यक्षात पाणी वाफ होऊन वालातून बाहेर चाललेलं असतं. फुगवटा बसतो तेव्हा पातळी काचेच्या खाली गेलेली असते आणि वरच्या नळ्या कोरड्या पडलेल्या असतात. म्हणून वाल उघडा असताना वर चढलेल्या पाण्यावर विश्वास ठेवू नका.

काचेत पाणी दिसतच नसेल तर मात्र उलट : पंप लावायचा नाही. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी घालणं म्हणजे आपल्या हाताने स्फोट बोलावणं. आग बंद, माणसं लांब, बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा आणि फोन करायचा.

आता तपासणी. आधी फुकटातली

पहिला संशय वालावर नको, काट्यावर घ्या. काटा 9 दाखवत असेल आणि खरं प्रेशर 10.5 असेल तर वाल आपलं काम चोख करतोय, खोटं बोलतोय तो गेज. बॉयलर थंड असताना काटा शून्यावर येतो का ते बघा. इन्स्पेक्टरच्या गेजसाठी ठेवलेल्या कॉकवर दुसरा, खात्रीचा गेज लावून दोन्ही ताडून पाहा. गेजखालचा वाकवलेला पाइप गाळाने चोंदला असेल तर काटा आळशासारखा मागून येतो. मी वाल बदलायला गेलो आणि गेज बदलून परतलो, असं एकदा नाही, बऱ्याचदा झालंय.

मग लिव्हर. हाताने वाल उचलायच्या त्या दांडीची खीळ खाऱ्या हवेने गंजते आणि दांडी अर्धवट वर अडकून राहते. आत तिचं टोक स्पिंडलच्या (डिस्कला धरणाऱ्या उभ्या दांड्याच्या) नटाला टेकलेलं असलं की वाल पूर्ण बसूच शकत नाही. दांडी हलवली तर थोडी सैल, मोकळी लागायला हवी. देवगड तालुक्यातल्या एका कारखान्यात मी फोनवर विचारलं तेव्हा तिथला फायरमन म्हणाला, "वाल बंदच आसा, लिव्हर बघा खाली आसा." जाऊन पाहिलं तर बॉयलर पेटवताना हवा काढायला कुणी तरी दांडी सुंभाने वर बांधली होती. नंतर सुंभ जळून तुटला, दांडी खाली आली, पण त्याचा जळका गुंता खिळीत अडकून बसलेला. दांडी खाली दिसते म्हणजे आतली डिस्क खाली बसलीच, असं नसतं. दांडी तुम्ही काय केलं ते सांगते, वालाने काय केलं ते नाही.

तिसरं, प्रेशरचं अंतर. 10.5 च्या वालावर रोज 10.2 ला चालवणारे मालक आहेत. पल्प लवकर उतरावा म्हणून. वाल सेटच्या इतक्या जवळ सतत राहिला की डिस्क सीटवर दाबून बसत नाही, हलकी तरंगते, आणि बारीक गळणारी वाफ सीटवर सुरीने चिरावी तशी रेघ पाडते. सेटच्या निदान 10 टक्के खाली चालवा, म्हणजे 9.4-9.5 पर्यंत. यात टरफलांचा एक वेगळा त्रास आहे. त्यात तेल असतं, घमेलंभर जास्त पडलं की जाळ एकदम उफाळतो आणि लाकडाची किंवा टरफलाची आग बटण दाबून विझत नाही. वाल दिवसाला तीन-चारदा उडत असेल तर आधी घमेलं लहान करा. एवढ्याने बंद झालेल्या तक्रारी मला माहीत आहेत.

नळीचं तापमान, आणि एक जुनी गोष्ट

ही तपासणी करायला हजार-दीड हजाराची तापमान मोजायची गन लागते. वालाच्या बाहेरच्या नळीवर, फ्लँजपासून मीटरभर लांब, काळ्या रंगाचा एक ठिपका द्या. चकचकीत नळीवर गन चुकीचा, बराच कमी आकडा दाखवते, म्हणून काळा ठिपका. बॉयलर तासभर कामाच्या प्रेशरला स्थिर चालला की ठिपक्याचं तापमान घ्या आणि लॉगबुकात लिहा. रोज. वाल नीट बसलेला असेल तर नळी तिथे गार किंवा जेमतेम कोमट असते. 60-70 अंश दिसलं तर डोळ्याला वाफ दिसो न दिसो, वाल गळतोय. आत 184 अंशांची वाफ असली म्हणून बाहेर तेवढा आकडा यायची वाट बघू नका; बाहेर पडताना वाफेचं प्रेशर जातं, तिच्यात पाणी मिसळतं, आकडा खालीच राहतो. दोन वाल एकाच नळीत सोडले असतील तर जोडाच्या अलीकडे दोन्हीकडे ठिपका द्या, नाहीतर चोर कोण ते कळणार नाही.

रोज का, हे विचारणाऱ्यांना मी एका अणुवीज केंद्राची गोष्ट सांगतो. जैतापूरवरून टपरीवर वाद रंगला की तशीही ती निघतेच.

28 मार्च 1979. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यातलं थ्री माइल आयलंड, युनिट दोन. पहाटे चारच्या सुमारास फीडपाण्याचे पंप बंद पडले. अणुभट्टीच्या पाण्याचं प्रेशर चढलं, प्रेशरायझरवरचा (त्या पाण्याचं प्रेशर सांभाळणाऱ्या टाकीवरचा) रिलीफ वाल उघडला, अणुभट्टी काही सेकंदांत आपोआप बंद झाली, प्रेशर उतरलं. वाल बसायला हवा होता, तो बसला नाही. तो विजेच्या हुकमावर चालणारा वाल होता आणि कंट्रोल रूममध्ये त्याचा दिवाही होता. पण तो दिवा वालाला जोडलेला नव्हता, वालाला दिलेल्या हुकमाला जोडलेला होता. ‘बंद हो’ असं सांगून झालं की दिवा विझायचा, वालाने ऐकलं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आमच्या देवगडच्या लिव्हरची ही थोरली बहीण.

बाहेरच्या नळीवर तापमापक होता, तो चढा आकडा दाखवत होता. तरी कुणी चमकलं नाही, कारण वाल आधीपासून थोडा गळका होता आणि ती नळी रोजच तापलेली असायची. शिवाय नुकताच उघडून गेलाय, तापणारच, असंही वाटलं. इकडे प्रेशरायझरमधली पातळी चढलेली दिसत होती, म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन पंपांचं पाणी कमी केलं. वर काचनळीबद्दल लिहिलंय तीच फसगत, फक्त फार मोठ्या भांड्यात. वाल उघडा आहे हे ओळखून त्याच्या वाटेवरचा दुसरा वाल बंद होईपर्यंत दोन तास बावीस मिनिटं गेली होती. नंतर उघडून पाहिलं तेव्हा गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळलेला निघाला.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. त्याच्या दीड वर्ष आधी, 24 सप्टेंबर 1977 ला, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात त्याच कंपनीच्या बनावटीच्या अणुभट्टीवर असाच वाल उघडा राहिला होता. तिथल्या माणसांनी वीसेक मिनिटांत ओळखून वाट बंद केली. अणुभट्टी तेव्हा अगदी कमी शक्तीवर होती, नुकसान झालं नाही. पण त्यातून काय शिकायचं ते थ्री माइलच्या ऑपरेटरांपर्यंत पोचलंच नाही. दुर्घटनेनंतर तिकडच्या नियामकांनी वाल खरोखर उघडा की बंद हे थेट दाखवणारी सोय सक्तीची केली.

तेव्हा "थोडं गळतं, पण चालतंय" हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका. वाफ किती वाया जाते ही तक्रार दुय्यम आहे. गळक्या वालाची नळी कायम तापलेली राहते, आणि ज्या दिवशी वाल खरोखर उघडा राहील त्या दिवशी तुम्हाला सांगायला तिच्याकडे नवीन काही नसतं.

ही गोष्ट सांगितली की एखादे मालक लगेच विचारतात, मग आपणही सेफ्टी वालाच्या खाली एक बंद करायचा वाल बसवू या का? अजिबात नाही. थ्री माइलच्या त्या वालाशिवाय प्रेशरायझरवर आणखी दोन खरे सेफ्टी वाल होते, ज्यांची वाट कुणालाच बंद करता येत नव्हती. म्हणून या एकाची वाट बंद करणं चाललं. तुमच्या बॉयलरवर शेवटचा राखणदार हाच आहे. त्याच्या आणि बॉयलरच्या मध्ये कुठलाही वाल, कॉक, पत्रा बसवायला कायद्याने मनाई आहे.

नळी, भोक आणि कुंभारीण

सेफ्टी वालाच्या खालच्या अंगाला पाणी निघून जायला एक छोटं भोक किंवा ड्रेनची नळी असते. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंब्याचा बॉयलर जूनपासून पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत थंड, आणि तेवढ्या काळात कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर बांधून मोकळी होते. पाणी डिस्कच्या डोक्यावर साचतं, स्पिंडल आणि गाइड गंजतात, पहिल्याच उडीला वाल वर जाऊन तिथेच अडकतो. बॉयलर थंड असताना तार घालून भोक मोकळं करा. तांबडं पाणी आलं तर समजा आत गंज आहे. काही जण वालाला वरून प्लॅस्टिक गुंडाळतात, इरलं घातल्यासारखं. बॉयलर चालवताना ते काढायचं राहिलं तर संकट, आणि राहिलं नाही तरी आत दमट हवा कोंडून गंज दुप्पट. वर पत्र्याची छपरी करा, वाल उघडा ठेवा.

नळीचं वजन कशावर आहे तेही बघा. छपराबाहेर काढलेली लांबलचक जाड नळी नुसती वालाच्या फ्लँजवर लटकत असेल तर तापल्यावर वालाचं अंग तिरकं ओढलं जातं आणि डिस्क एका बाजूने उचलते. नळीला स्वतःचा आधार हवा, भिंतीतला किंवा छपरातला.

पाणी

सर्वात कंटाळवाणी तपासणी, आणि मे महिन्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खाली जातात आणि पाणी मचूळ होतं, नेमकं बॉयलर रात्रंदिवस चालतो तेव्हा. क्षार वाढले की बॉयलरच्या पाण्याला फेस येतो, फेस वाफेबरोबर वर जातो आणि वालाच्या सीटवर सुकून पांढरी खरपुडी धरते. डिस्क तिच्यावर बसते, सीटवर नाही.

"पण सॉफ्टनर आहे ना आमच्याकडे!" सॉफ्टनर पाण्याचा जडपणा काढतो, खारटपणा नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन तो सोडियम सोडतो, एकूण क्षार तेवढेच राहतात. पाचशे रुपयांच्या आतला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर घ्या आणि बॉयलरचं पाणी गार करून मोजा. मर्यादा बॉयलरच्या पुस्तिकेत असते, आपल्याकडच्या शेल बॉयलरला साधारण 3,500 पीपीएम. जास्त असेल तर ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरमधलं खारट पाणी बाहेर सोडणं, वाढवा. मेमध्ये दिवसातून एकदाचा ब्लोडाऊन पुरत नाही.

शेवटचा घरगुती उपाय : एक झटका

सीटवर कचरा अडकला असेल तर वाफेनेच तो उडवता येतो. प्रेशर सेटच्या निदान 75 टक्के हवं, म्हणजे 10.5 च्या वालाला 8 च्या आसपास, 7 च्या वालाला सव्वापाच. नळीच्या तोंडाशी कुणी नाही ना, बघा. दोरी लावून लांबून दांडी पूर्ण ओढा, दोन-तीन सेकंद धरा, एकदम सोडा. हळूहळू सोडलं तर कचरा परत सीटवरच येतो. कमी प्रेशरला ओढू नका. तेवढ्या वाफेत कचरा उडवायचा जोर नसतो, डिस्क त्याच्यावर आदळून सीटला खड्डा पडतो. तीनदा करून पाहा. नळीवरचा ठिपका तासाभरात गार झाला तर सुटलात. नाही झाला तर चौथ्यांदा ओढू नका.

इथे थांबा

वालाच्या टोपणावर तार आणि शिशाचं सील असतं. तुमची हद्द त्या तारेपर्यंत. सीट-डिस्क घासून काढणं, स्प्रिंग बदलणं, रिंग फिरवून बसायचं प्रेशर जुळवणं ही कामं वाल उतरवून, टेस्ट बेंचवर करायची असतात आणि नंतर सेटिंग तपासून पुन्हा सील व्हावं लागतं. सीट घासताना आरशासारखी सपाट झाली नाही तर वाल आधीपेक्षा जास्त गळतो; पॉलिश पेपरने घासलेल्या सीटा मी फेकून दिल्या आहेत.

गळतं म्हणून स्प्रिंग आवळणं हा मात्र सरळ गुन्हा. आवळल्यावर गळणं थांबतं, म्हणून मोह होतो. पण वाल कितीला उघडेल हे आता कुणालाच ठाऊक नसतं. टोपणावर हातोडा मारणं, दांडीवर वजन टांगणं, नळीचं तोंड बंद करणं, सगळं त्याच जातीचं. सेफ्टी वालाशी अशी छेडछाड 1923 च्या बॉयलर कायद्यातही शिक्षापात्र होती आणि 2025 च्या नव्या कायद्यातही आहे.

सील तुटलेलं दिसलं, स्प्रिंगचा वेढा तुटलाय किंवा खड्डे पडलेत, टोपणाखालून वाफ येतेय, वाल तडतडतोय, किंवा एकदा का होईना पूर्ण उघडा राहिला होता, यातलं काहीही असेल तर बॉयलर थंड करा आणि अधिकृत दुरुस्तीवाल्याला बोलवा. पाणी काचेखाली गेलं होतं असा नुसता संशय असला तरी बाष्पके विभागाच्या इन्स्पेक्टरला कळवल्याशिवाय परत पेटवू नका. सीझन बुडेल, मला माहीत आहे. आंबा दोन दिवस थांबत नाही हेही माहीत आहे. म्हणून तर बेंचवर तपासलेला, सील केलेला एक जादा वाल फेब्रुवारीतच आणून ठेवा म्हणून सांगतो.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा : वालावरच्या पट्टीवरचा साइज आणि सेट प्रेशर, कितीला उघडला, कितीला बसला, शेवटच्या आठ दिवसांची ठिपक्याची तापमानं, बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस, आणि लिव्हर शेवटची कुणी ओढली ते. खरं सांगा. सुंभ बांधला होता तर तेही.